अस्सल जपानी

“हा माझा,” चादरीपलीकडून गुलाबचाचा म्हणाले.

मी कागदावर बरोबरची चौथी खूण केली. चार फेऱ्या झाल्या होत्या आणि चारही वेळा म्हातारा बरोबर निघाला होता. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, आणि आपण चुकू शकतो या गोष्टीची मला फारशी सवय नव्हती.

मिरजेतल्या आमच्या संगीत मंडळाच्या सभागृहात, स्टेजवर दोरी बांधून मी घरची सोलापुरी चादर टांगली होती. चादरीच्या अलीकडे टेबलावर दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक सीडी प्लेअर आणि आवाज या डब्याकडून त्या डब्याकडे वळवायचा एक स्विच. पलीकडे खुर्चीत गुलाबचाचा आणि त्यांच्यासमोर मंडळाचे दोन जुने स्पीकर. मी नाणं उडवायची. छापा पडला तर चाचांचा डबा, काटा पडला तर नवा. सीडीवर एकच गोष्ट होती : तंबोरा, आणि त्यावर एका बाईंनी लावलेला नुसता षड्ज. जरा जोरात वाजणारा डबा ऐकणाऱ्याला नेहमीच चांगला वाटतो, म्हणून दोन्हींचा आवाज मी मीटर लावून अगदी बरोबरीला आणला होता. मंडळाचे चिटणीस ताम्हनकर वकील माझ्याशेजारी उभे होते, ते मी लबाडी करू नये म्हणून. त्यांना तिथे उभं राहायला मीच सांगितलं होतं.

“वाजवा,” चाचा म्हणाले.

गुलाब शिकलगारांचं घर सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांचं. थोरले भाऊ दस्तगीर पुढच्या खोलीत भोपळे कापत, लाकूड तासत बसलेले असायचे. मागच्या खोलीत गुलाबचाचांचं दुकान होतं. विशीत असताना त्यांनी घरचं काम सोडलं आणि रेडिओ दुरुस्तीला लागले, आणि मग अ‍ॅम्प्लिफायर बनवायला लागले. त्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाद्यावर एक छोटी पांढरी पट्टी बसवलेली असे, ‘शिकलगार, मिरज’ अशी. अक्षरं दस्तगीरभाई स्वतः कोरायचे. चाचांनी पहिला डबा पुरा केला तेव्हा त्यांनी भावाकडे ती पट्टी मागितली होती. दस्तगीरभाईंनी काम करता करता मान वर न उचलता सांगितलं होतं, “पट्टी वाद्यावर लागती.” त्यानंतर तीस वर्षं दोघं एकाच घरात राहिले, एकाच ताटात जेवले, पण तो विषय पुन्हा निघाला नाही. हे मला चाचांनीच एकदा सांगितलं होतं, हसत हसत, आणि लगेच चहा मागवला होता.

पट्टी मिळाली नाही म्हणून चाचांनी एका पेंटरला धरलं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक डब्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं : ‘अस्सल जपानी’.

जपानी होती ती आतली चिप. बोटभर लांबीची काळी वडी आणि तिला एका बाजूने पायांची रांग. येईल तो बारीक आवाज मोठा करून स्पीकरकडे पाठवायचा, एवढंच तिचं काम. ती बनवणं जपानात कधीच बंद झालं होतं. बाजारात नव्या चिपा आल्या होत्या, लहान, थंड राहणाऱ्या, मुठीने मिळणाऱ्या. चाचा त्यांना हात लावत नसत. “नव्या चिपा बोलत्यात,” ते म्हणायचे, “जपानी गाती.” एका बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळून, त्यांनी खऱ्या जपानी चिपा राखून ठेवल्या होत्या. त्या आता पाच उरल्या होत्या.

यावरून आमचं सहा वर्षं भांडण चालू होतं. दर शनिवारी कॉलेजवरून येताना मी त्यांच्या दुकानात थांबायची, चहा प्यायची आणि त्यांच्याशी वाद घालायची. मी म्हणायची, चाचा, चिप गात नाही, तिला काय येतंय डोंबलाचं, आलेलं मोठं करते आणि पुढे ढकलते. ते म्हणायचे, मॅडम, तुम्ही मीटरनं ऐकता. मग मी कागदावर आकडे मांडायची आणि ते तो कागद उलटा करून त्याच्यावर चहाचा कप ठेवायचे. हे सगळं प्रेमाचंच होतं. पण मला मनातून खात्री होती की हा एवढा हुशार माणूस एका अंधश्रद्धेला धरून बसला आहे, आणि त्याची मला चीडही यायची.

त्या वर्षी एका सभासदाच्या परदेशातल्या मुलाने मंडळाला नवा अ‍ॅम्प्लिफायर भेट दिला. नव्या चिपेचा, हाताच्या पंजाएवढा, एका हातात उचलता येणारा. चाचांचा डबा उचलायला दोन माणसं लागत. वार्षिक संगीत सभा तीन आठवड्यांवर आली होती आणि मंडळात दोन तट पडले. ताम्हनकर वकील नव्याच्या बाजूचे, जुने सभासद चाचांच्या. शेवटी मीच म्हटलं की बोलून काय होणार, ऐकून ठरवू. दहा फेऱ्या. चाचांनी आठ ओळखल्या तर त्यांचा डबा राहील, नाही तर नवा लागेल. वकिलांनी ते रीतसर लिहूनही घेतलं.

आदल्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा चाचा खुशीत होते. मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याने त्यांना कुठल्या तरी पडून राहिलेल्या साठ्यातल्या वीस जपानी चिपा पाठवल्या होत्या, त्याला दीड महिना झाला होता. त्यातलीच एक त्यांनी मंडळाच्या डब्यात बसवली होती, कारण तिथली आधीची वीस वर्षं वाजून थकली होती.

“विसात माझी चार-पाच वर्षं निघतील,” ते म्हणाले. “मग हातच थकणार. पण मॅडम, उद्या जर माझ्या कानाला फरक न्हाई कळला, तर मात्र मी दुकान बंद करणार. ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं डबे कशाला बनवायचे?”

मी हसून घेतलं, पण ते गमतीत बोलत नव्हते. घरी येताना मला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

पाचवी बरोबर. सहावी बरोबर. सातव्या फेरीत नेमकी बाहेरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली, चाचा घुटमळले आणि चुकले. वकिलांचा चेहरा जरा खुलला. मग आठवी, नववी, दहावी. तिन्ही बरोबर.

दहात नऊ. नुसत्या अंदाजाने ठोकत गेलं तर असं व्हायची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते, हे मीच दर वर्षी वर्गात फळ्यावर मांडून दाखवते. चादर काढली, चाचांच्या समोर उभी राहिले आणि सांगितलं की मी हरले. सहा वर्षं मी तुमच्याशी भांडले ते चुकीचं होतं, असंही सांगितलं. वकिलांनी त्यांचा हात हातात घेतला आणि डबा इथेच राहील असं सगळ्यांसमोर म्हणाले. जुन्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या. चाचा खुर्चीतून उठलेही नव्हते. बसल्या बसल्या त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

मी त्यांना विचारलं, ओळखलंत कसं?

“तार छेडली की ती हळूहळू विझती,” ते म्हणाले. “विझल्यावर मागं काय उरतं ते ऐकायचं. माझ्या डब्यात काय उरत न्हाई. नव्यात जरा धूळ उरती.”

“धूळ?”

“बारीक. पण उरती.”

मी ते वाक्य त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. चिपेच्या बाबतीत आपण इतकी वर्षं बहिरे होतो, असं मला खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत होते. विद्यार्थी यायचे होते. दारात चाचा उभे दिसले. मिरजेहून एसटीने आले होते. या माणसाने सहा वर्षांत माझ्या कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं. मी त्यांना बसायला स्टूल दिलं, पण ते बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक फडकं काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारी एक चिप ठेवली. फडक्यावर राखाडी डाग होता. चिपेच्या पाठीवर नंबर असतो तिथे काहीच नव्हतं.

ते काय सांगणार ते मला बघताक्षणी समजलं. बाजारात त्याच आकाराच्या नव्या, स्वस्त चिपा घेऊन त्यांची पाठ घासायची आणि वर जुन्या जपानी चिपेचा नंबर छापून त्या जुना साठा म्हणून विकायच्या, हा धंदा तेव्हा जोरात होता. अशी चिप ओळखायची खूण दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते : थिनरचं फडकं पाठीवर फिरवायचं. नंबर राहिला तर खरी, फडक्यावर आला तर खोटी. चाचा तर हाती आलेली प्रत्येक चिप थिनरने पुसून मगच बसवायचे. सहा वर्षं मी ते बघत होते.

“कार्यक्रम झाला की मी डबा उघडून साफ करतो, तुम्हाला म्हाईत हाय,” ते म्हणाले. “काल संध्याकाळी तसाच उघडला. चिप तापू नये म्हणून लावलेली पांढरी पेस्ट थिनरनं पुसली, तर नंबर फडक्यावर आला.”

“बसवताना पुसली नव्हतीत?”

“न्हाई.” त्यांनी फडक्यावरच्या डागाला बोट लावलं. “बसवायच्या आधी जोडून ऐकली. जपानीच वाजत होती. मग पुसायची काय गरज, असं वाटलं.”

बाकीच्या एकोणीसही त्यांनी सकाळी पुसून पाहिल्या होत्या. सगळ्या खोट्या निघाल्या.

आता मला जे बोलायला नको होतं ते मी बोलले. आज आठवलं तरी शरम वाटते. मी म्हटलं, चाचा, हे तुम्ही मला सांगितलंत, माझ्यापाशी राहील. बिस्किटाच्या डब्यातली एक खरी चिप काढा, मंडळाच्या डब्यात बसवा, म्हणजे डबा खराच होईल. कुणाचं काय बिघडलं? आयुष्यभर मोजमाप आणि पुरावा यांच्या नावाने लोकांना झोडपणारी मी, एका म्हाताऱ्याचं दुकान वाचावं म्हणून खोटं बोलायला तयार झाले होते.

चाचांनी चिप फडक्यात गुंडाळली.

“डब्यावर ‘अस्सल जपानी’ लिहिलंय, मॅडम,” ते म्हणाले. “मी त्या नावावर जिंकलो. आत ते न्हाई.”

तिथून ते सरळ मिरजेला गेले आणि ताम्हनकर वकिलांच्या ऑफिसात जाऊन त्यांनी तीच चिप टेबलावर ठेवली. वकील वाईट माणूस नव्हता. त्यांनी मला फोन करून विचारलं की आता काय करायचं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, नियमाने गेलं तर परीक्षा रद्द होते, कारण जे तपासायचं होतं ते तपासलंच गेलं नाही, आणि सभा तोंडावर आली आहे. तीन दिवसांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर लागला आणि चाचांचा डबा हातगाडीवरून त्यांच्या घरी गेला. खोटं कशाला सांगू, नवा चांगलाच वाजत होता.

चाचांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. कुलूप नाही लावलं, नुसतं ओढून घेतलं. मी शनिवारी गेले तर ते पुढच्या खोलीत भावाजवळ नुसते बसून होते. माझ्याशी बोलले, चहाही दिला. वाद मात्र घातला नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात प्रयोग कसा मांडावा यावर शिकवत होते. हे मी दर वर्षी शिकवते आणि मला ते पाठ आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि खडू हातात तसाच राहिला. मी चादर टांगली होती, मीटर लावला होता, नाणं उडवलं होतं, आणि दोन संपूर्ण वेगळे डबे शेजारी ठेवून कागदावर मथळा लिहिला होता, ‘जुनी चिप विरुद्ध नवी चिप’. पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. चाचांच्या डब्यात जपानी चिप नव्हती हे खरं. पण त्यांनी दहात नऊ ओळखलं होतं हेही खरं होतं. ते नऊ कुठे जाणार? काही तरी त्यांनी ऐकलं होतंच. ते चिप नसेल तर मग काय होतं?

तास अर्धा सोडून मी मिरजेची एसटी पकडली.

चाचांना तयार करायला मला अर्धा तास लागला. त्यांच्या दुकानात फळीवर त्यांच्याच हातचा आणखी एक डबा होता, सांगलीच्या एका डॉक्टरांसाठी केलेला, हुबेहूब मंडळाच्या डब्यासारखा. त्यात बिस्किटाच्या डब्यातली खरी चिप होती, थिनरने पुसून घेतलेली. मंडळाच्या डब्यात त्यांनी ती खोटी चिप परत बसवली, पण तोंड वाकडं करून. मी मीटरने आवाज जुळवला. आता फरक फक्त चिपेचा होता. हात तेच, सामान तेच, डबा तसाच. चादर नव्हती म्हणून चाचा भिंतीकडे तोंड करून बसले. आवाज ऐकून दस्तगीरभाई हातातली कानस घेऊनच मागच्या खोलीत आले आणि दाराशी उभे राहिले. ते त्या खोलीत क्वचितच यायचे.

पहिली चुकली. दुसरी बरोबर. तिसरी चुकली. चौथी बरोबर. पाचवीला चाचा पुष्कळ वेळ ऐकत राहिले आणि मग चुकले. सहावीला त्यांनी हात वर केला.

“थांबा,” ते म्हणाले. “मला फरक कळत न्हाई. दोन्हींत मागं काय उरत न्हाई. दोन्ही सारखेच हायत.”

ते आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणजे तीस वर्षं आपण लोकांना जे सांगत आलो ते खोटंच की, असं काही तरी ते पुटपुटले. मी घाईने बोलायला लागले, की नाही, उलट आहे, तुम्ही जे ऐकलंत ते आहेच, फक्त ते चिपेत नाही, बाकीच्या डब्यात कुठे तरी आहे, मला एकदा आत बघू द्या. चाचांचा डबा चाचांशिवाय कुणी उघडायचा नाही हा त्या दुकानाचा कायदा होता. मीही सहा वर्षांत कधी आत डोकावले नव्हते. त्यांनी खांदे उडवले. आता काय राहिलंय, बघा, म्हणाले.

मी स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

पुढची पाच मिनिटं मी एकेक तार बोटाने तपासत गेले. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रांची पोटं पाहिली आहेत, कारखान्यांतून आलेली, परदेशांतून आलेली. असं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला, वेढ्याला वेढा लागून. एकही तार दुसरीवरून उगाच गेलेली नाही. तारांचे जुडगे दोऱ्याने बांधलेले, बोटभर अंतरावर एकेक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. आणि जमिनीच्या सगळ्या तारा, म्हणजे वीज जिथून परत जाते त्या, डब्याच्या एका कोपऱ्यात एकाच पितळी खिळ्याशी आणून बांधलेल्या. त्या चार ठिकाणी जोडल्या तर त्यांच्यातून बारीक गुणगुण आवाजात शिरते, ही गोष्ट मी तिसऱ्या वर्षाला दोन तास घेऊन शिकवते आणि तरी निम्म्या पोरांना समजत नाही. चाचा म्हणत होते ती धूळ हीच होती. त्यांच्या डब्यात ती शिरायला जागाच नव्हती.

हे तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलं. कुठल्या पुस्तकात वाचलंत?

“वाचता कुठं येतंय मला ते,” चाचा म्हणाले. “असंच बरं दिसतं.”

दस्तगीरभाई दारातून पुढे आले होते. त्यांनी कानस टेबलावर ठेवली, खिशातून चष्मा काढून लावला आणि डब्यावर वाकले. त्यांनी तारेच्या जुडग्यावरची एक गाठ नखाने उचलून पाहिली, मग शेजारची पाहिली, मग तिसरी. सतारीच्या दांडीवर पितळी पडदे बसवतात ते दोऱ्याने बांधून. ती गाठ सैल पडली तर पडदा सरकतो, फार आवळली तर दोरा तुटतो, आणि प्रत्येक घराची ती बांधायची आपली पद्धत असते. हे मला माहीत होतं, पण मी ते इथे बघत आहे हे मला समजलं नव्हतं. त्यांना समजलं.

“ही गाठ तुला कुणी शिकवली?” त्यांनी भावाला विचारलं. दोघं एरवी घरात त्यांच्या दख्खनी हिंदीत बोलत. हे मराठीत विचारलं, ते बहुतेक मलाही कळावं म्हणून.

“कुणी न्हाई,” चाचा म्हणाले. “हाताला येती तशी बांधतो.”

“अशी कुणाच्या हाताला येत न्हाई. ही अब्बांची गाठ हाय. मला सुद्धा अशी सरळ रेघेत जमत न्हाई.”

मग त्यांनी त्या पितळी खिळ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तंबोऱ्याच्या चारी तारा खाली एकाच जागी बांधतात, ते म्हणाले. अब्बा सांगायचे, दोन जागी बांधल्या तर त्या आपसात भांडत्यात. हा पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून ते बघत बसायचा. आम्हाला वाटायचं, याचं लक्ष न्हाई.

चाचा टेबलाजवळ सरकले. ते डब्यात बघत होते, जणू दुसऱ्या कुणी केलेलं काम बघत असावेत तसे. दस्तगीरभाईंनी चष्मा काढला, कानस उचलली आणि पुढच्या खोलीत निघून गेले. थोड्या वेळाने तिकडून लाकूड घासल्याचा आवाज यायला लागला. मला खूप काही बोलायचं होतं, शंभरात एक वगैरे, पण मी स्क्रू उचलले आणि झाकण परत बसवायला घेतलं. आवाज चिपेचा नव्हता, चाचांचा होता, आणि ते स्वतःच तीस वर्षं तो जपानच्या नावावर मांडत आले होते. हे मी सांगण्यापेक्षा त्यांच्या भावाने न सांगता सांगितलं ते जास्त बरं झालं.

दुकानाचं दार त्यानंतर आणखी नऊ वर्षं उघडं राहिलं. चिपा संपायची भीती उरली नव्हती. मुठीने मिळतील तेवढ्या होत्या. चाचा त्या नव्या चिपांना “तुमची पोरटी” म्हणायचे, म्हणजे माझी, आणि प्रत्येक चिप थिनरने पुसून घ्यायचे. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दर वर्षी एक दिवस त्यांच्याकडे घेऊन जायची. तो दोन तासांचा धडा मग मी वर्गात घेणं सोडून दिलं. वाद मात्र थांबला नाही. त्यांचं शेवटपर्यंत म्हणणं होतं की बिस्किटाच्या डब्यातल्या त्या पाच चिपांत थोडं काही तरी असेलच, तुमच्या मीटरला कळत नसेल. मी तो वाद मुद्दाम कधी जिंकला नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्याच महिन्यातलं, संगीत सभा होऊन गेल्यानंतरच्या रविवारचं. दुपारी दाराशी हातगाडी थांबली. गाडीवर मंडळाचा तो जुना डबा, गोधडीत गुंडाळलेला, आणि बाजूला चाचा चालत आलेले. हा तुमच्याकडे राहू द्या, म्हणाले, मंडळाला आता लागत न्हाई आणि दुकानात जागा न्हाई. दुकानात जागा होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गाडीवाल्याने आणि त्यांनी मिळून डबा आत आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि चाचांनी गोधडी ओढून घेतली.

समोरच्या पत्र्यावरची लाल अक्षरं नव्हती. ती थिनरने पुसून काढली होती. नीट बघितलं तर ‘अस्सल’मधला ‘स’ अजून पुसट दिसत होता. त्या जागी, सतारीवर असते तशी, बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी बसवली होती. तिच्यावर कोरलं होतं, ‘शिकलगार, मिरज’.

मी पट्टीवरून बोट फिरवलं. चाचा पाणी प्यायले, खुर्चीत बसले, घाम पुसला. मी विचारलं, दस्तगीरभाईंनी दिली? ते हो म्हणाले. सकाळी उठून बघतो तर बसवलेली होती.

“काही बोलले?”

“काय न्हाई,” चाचा म्हणाले. “मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, पट्टी वाद्यावर लागती.”